तक्रार येईपर्यंत

भाऊंच्या शर्टाला तीन बटणं असत. शिंपी पाच लावून द्यायचा. त्यातली दोन भाऊ स्वतः ब्लेडने काढून एका डबीत ठेवायचे. पहिल्या भेटीत मला वाटलं, माणूस गरीब आहे. दुसऱ्या भेटीत वाटलं, चक्रम आहे. तिसऱ्या भेटीत ठरलं की हा आपला घरमालक होणार, आणि मी मत बनवणं लांबणीवर टाकलं.

माझी नजर बटणांवर आहे हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, "पयले एक काढलं. कोनी काई म्हनलं नाई. मंग दुसरं काढलं. तरी नाई. तिसरं काढलं तं बाई ओरडली. ते लावून घेतलं. आता बराबर हाये."

बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या आतून म्हणाल्या, "मी नसती ओरडली तं हा मानूस उघडा फिरला असता चंद्रपुरात."

"तू ओरडली ना? मंग कायची चिंता?" भाऊ म्हणाले, आणि मला वरच्या खोलीची किल्ली दिली. किल्लीला कडी नव्हती. तीही काढलेली होती.

त्यांची जगण्याची रीत एवढीच होती. कुठलीही वस्तू घ्यायची, तिच्यातला एक भाग काढायचा आणि वाट पाहायची. तक्रार आली नाही, तर तो भाग उगाच होता असं समजून पुढचा काढायचा. तक्रार आली की शेवटचा भाग परत लावायचा आणि त्या वस्तूचा विषय आयुष्यभरासाठी बंद करायचा. त्यांच्या टेबलाला तीन पाय होते, आणि मान्य करायला हवं, ते कधी डुगडुगलं नाही. चहातलं आलं गेलं, विलायची गेली, साखर निम्मी झाली. दूध गेलं त्या दिवशी बाईंनी चुलीपुढून उठून माहेरची पिशवी भरायला घेतली, तेव्हा दूध परत आलं. स्कूटरचा आरसा काढला होता, त्याची तक्रार वाहतूक पोलिसाने केली. आरसा परत लागला. भाऊंना पोलिसाचा राग आला नाही. उलट चौकातून जाताना ते त्याला हात करत. त्यांच्या दृष्टीने त्या माणसाने कामात मदत केली होती.

लग्नपत्रिका आली की ते पेन्सिल घेऊन बसत. कुळाचार, देवदेवता, 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मामांची यादी, छोट्यांचा आग्रह असं एकेक खोडत नवरा, नवरी, तारीख आणि जागा एवढ्यावर येऊन थांबत. मग तो सुधारलेला कागद ज्याचा त्याला पोस्टाने परत पाठवत. हळूहळू पत्रिका यायच्या कमी झाल्या. बाईंनी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, "लोकायनं आपल्याले यादीतून काढून पाह्यलं. आपली तक्रार गेली का? नाई. मंग त्यायचं बराबर हाये."

ही विद्या त्यांना कुठून आली, ते पुढे कळलं. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ते बॉयलरवर होते. दर तासाला घड्याळासारखे उठून तापमानं आणि दाब लिहून ठेवायचे. गुडघे गेल्यावर शेवटची काही वर्षं त्यांना वसाहतीच्या तक्रार खिडकीवर बसवलं. क्वार्टरमधला पंखा, नळ, गळकं छत, जे काही असेल ते एका जाड नोंदवहीत लिहून घ्यायचं. बाकीच्यांना ती शिक्षा वाटायची. भाऊंना तिथे जगाचं सार सापडलं. एखाद्या वस्तूचं महत्त्व किती, हे तिच्या अभावाने कोण खिडकीवर येतो त्यावरून कळतं, असं काहीतरी. त्यांनी हे इतक्या शब्दांत कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यातलेही निम्मे शब्द काढले असते.

आता माझ्याबद्दल. मी मूळचा वरोऱ्याचा, पण पुण्यात शिकून आलो होतो, आणि ते समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल याची काळजी घेत होतो. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर चार ओळी होत्या. त्यातली एक 'इमारत-वर्तन विश्लेषक' अशी होती. भाऊंनी ते कार्ड हातात घेतलं, पेन्सिल मागितली, आणि परत दिलं तेव्हा त्यावर नाव आणि फोन नंबर उरला होता.

"पण मग मी काय करतो हे कसं कळेल?" मी विचारलं.

"इमारत वागते कशी हे पाह्यतो म्हनते ना तू? इमारत काय वागन? उभी रायते."

माझं काम खरं तर असं होतं. इमारत बांधण्याआधी तिची नक्कल संगणकात उभी करायची. भिंती किती जाड, छत कशाचं, खिडक्या कुठे, आत माणसं किती, सगळं भरायचं. मग त्या गावचं वर्षभराचं ऊन, वारा आणि दमटपणा त्या नकलेवर सोडून द्यायचा. कुठली खोली कुठल्या तासाला किती तापेल, हे संगणक हिशोब करून सांगतो. याला सिम्युलेशन म्हणतात. हा हिशोब व्हायला जो वेळ लागतो, तो या धंद्यातल्या माणसाचा अर्धा संसार खातो.

मला मिळालेलं पहिलं मोठं काम होतं आलापल्लीच्या वाटेवरच्या एका आश्रमशाळेतल्या मुलींच्या वसतिगृहाचं. जुनी इमारत मी पाहून आलो होतो. तिथल्या अधीक्षिकाबाई म्हणाल्या होत्या, "एप्रिलमंदी परीक्षा असते अन् पोरी फरशीवर पानी टाकून त्याच्यावर निजतेत. सकाळी अर्ध्या जनी शिंकतेत. तुम्ही कम्प्युटरवाले ना? काई तरी करा, सर." नवीन इमारतीचा नकाशा तयार होता. सरळ सपाट स्लॅब, जसा सगळीकडे टाकतात तसा. तीन आठवड्यांनी समितीची बैठक होती. तोवर आकड्यांनिशी वेगळं छत सुचवलं तर विचार होईल, नाहीतर तोच स्लॅब पडेल, असं मला स्वच्छ सांगण्यात आलं होतं.

मी चाळीस प्रकारची छतं तपासायची ठरवली. आणि माझ्या नकलेला एकदा चालायला अकरा तास चाळीस मिनिटं लागत होती.

लाज वाटायच्या ऐवजी मला याचा अभिमान होता. पैलवानाचं वजन सांगावं तसे मी ते अकरा तास लोकांना सांगायचो. कारण माझ्या नकलेत काय नव्हतं? अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खोल्या वेगवेगळ्या होत्या. खिडकीच्या प्रत्येक गजाची सावली भिंतीवर कशी सरकते, ते होतं. जिन्याच्या कठड्याच्या नळ्या होत्या. हिशोब दर मिनिटाला होत होता. पुण्यातल्या माझ्या सरांनी पाहिलं असतं तर त्यांना भरून आलं असतं. चाळीस गुणिले अकरा तास हा गुणाकार मात्र मी टाळत होतो.

एका दुपारी भाऊ जिना चढून वर आले. टाकीतलं पाणी कोण पितंय हे शोधायला आले होते. मी घामाने थबथबलेला बसलो होतो आणि कूलरचं तोंड लॅपटॉपकडे होतं.

"हा कूलर कोनाले लावला?"

"संगणकाला. तापतो ना. मध्येच बंद पडला तर सगळं पहिल्यापासून."

"अन् तू?"

"मी वसतिगृह थंड करतोय."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, आणि तीन पायांच्या स्टुलावर बसले. "याच्यातून काय काढून पाह्यलं?"

"काढून? भाऊ, हे विज्ञान आहे. यात जितकं जास्त भरू तितकं अचूक."

"हे बारीक बारीक काय हाये?"

"खिडकीचे गज. त्यांची सावली."

"कोनावर पडते?"

"भिंतीवर."

"भिंतीले समजते?"

मी पडद्यावरची सावली मोठी करून पाहिली.

"अन् हा हिशोब कितीक वेळानं करते हा?"

"दर मिनिटाला," मी जरा ताठ होऊन म्हणालो.

"बाप्पा! आमचं बॉयलर, ज्याच्या भरोशावर अर्धा महाराष्ट्र टीव्ही पाहे, त्याचं रीडिंग आम्ही तासाले घेत होतो. तुयी भिंत बॉयलरपेक्षा चंचल हाये का?"

त्या दुपारपासून दोन दिवस भाऊ माझ्या खोलीत मुक्कामाला असल्यासारखे होते. त्यांची अट एकच होती. एका वेळी एकच गोष्ट काढायची, नक्कल चालवायची, आणि आधीच्या उत्तरात काय बदललं ते पाहायचं. आधी गज गेले. उत्तर जागचं हललं नाही. अडीच तास वाचले. कठड्याच्या नळ्या गेल्या. मिनिटाचा हिशोब पाव तासावर आणला. मी प्रत्येक वेळी श्वास रोखून बसायचो, आता विज्ञान कोसळणार म्हणून. ते कोसळत नव्हतं. नुसतं लवकर संपत होतं.

खोल्यांपाशी मी अडलो. अठ्ठावीस खोल्या म्हणजे अठ्ठावीस खोल्या. भाऊंना नोंदवही आठवली. "वसाहतीत दोनशे क्वार्टर होते. तक्रारी दोनशे नाई येत. मधातल्यायची एकच तक्रार. कोपऱ्यावाल्यायची दुसरी, त्यायले दोन बाजूनं ऊन. वरच्या मजल्यावाल्यायची तिसरी. खोल्या कायले मोजतं? तक्रारी मोज."

तक्रारी मोजल्या तर सहा भरल्या. म्हणजे सहा खोल्यांचा हिशोब करायचा आणि सारख्या खोल्यांना तो गुणायचा. आमच्या क्षेत्रात याला एक भारदस्त इंग्रजी नाव आहे, आणि ते मला परीक्षेत आलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते. वापरायचं मात्र सुचलं नव्हतं.

मग भाऊंनी माझ्या अहवालाचा कच्चा मसुदा उचलला. त्याच्या पहिल्याच पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की इमारतीची सर्वांत वाईट वेळ मे महिन्याच्या मध्यावर दुपारी तीनला येते.

"मे महिन्यात तिथी कोन रायते?"

"मुली."

"आश्रमशाळेले मे महिन्यात सुट्टी असते ना बे."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. मी पंधरा दिवस रिकाम्या इमारतीला थंड करण्यासाठी झटत होतो. ज्या मुली मे महिन्यात आपापल्या गावी आंब्याखाली बसलेल्या होत्या, त्यांच्या अंगाची उष्णता मी खोलीत दर मिनिटाला मोजत होतो. हिशोबातून मे गेला, निम्मा जून गेला. भाऊ हसले नाहीत. त्यांनी फक्त कूलर माझ्याकडे वळवला.

तिसऱ्या दिवशी ते राजुऱ्याला भाच्याच्या मुलाच्या बारशाला गेले, आणि इथे माझी शोभा व्हायला सुरुवात झाली. नव्याने दीक्षा घेतलेल्या माणसाचा उत्साह फार वाईट. मी सकाळी माझ्या बुटांच्या नाड्या काढून पाहिल्या. मग नकलेकडे वळलो. अजून नऊ मिनिटं लागत होती. उत्तरेच्या बाजूला एक लांबलचक व्हरांडा होता. त्याच्या खांबांची आणि छपराची सावली मोजण्यात वेळ जात होता. उत्तरेला ऊन जेमतेम येतं. व्हरांडा काढला. नक्कल चालवली. वर्षाच्या सरासरीत फरक दशांश चिन्हाच्या पलीकडे कुठेतरी पडला.

चार मिनिटं. अकरा तास चाळीस मिनिटांवरून चार मिनिटं! मी खोलीत एकटाच उभा राहिलो आणि मला बोलायला कोणी सापडेना म्हणून खाली जाऊन बाईंना सांगितलं.

बाई म्हणाल्या, "कुकरच्या दोन शिट्ट्या."

पुढचं सोपं होतं. चाळीस छतं एका सकाळीत झाली. उत्तम निघालं ते साधंच होतं. स्लॅबच्या वर हातभर अंतर सोडून दुसरं पत्र्याचं छप्पर, मधून वारा मोकळा. ऊन पत्र्याने झेलायचं, स्लॅबने सावलीत राहायचं. समितीने ते मान्य केलं. अधीक्षिकाबाईंनी फोनवर "बरं झालं, सर" एवढंच म्हटलं, आणि मी ते बाकीच्यांना सांगताना बरंच वाढवून सांगितलं.

पण मी अहवालाला एक परिशिष्ट जोडलं होतं. कोणी मागितलं नव्हतं. नक्कल मी किती हुशारीने लहान केली हे जगाला कळावं म्हणून त्यात एक तक्ता होता: काय काढलं, आणि काढल्याने काय फरक पडला. गज: नगण्य. कठडा: नगण्य. व्हरांडा: नगण्य.

महिन्याभराने अधीक्षिकाबाईंचा फोन आला. या वेळी 'सर' नव्हतं.

"तुम्ही वरांडा काऊन काढला?"

"कुठला व्हरांडा?"

"आमचा! साहेब म्हनतेत, तुमच्याच इंजिनेरनं लिहून देल्लं, वरांड्याचा काई उपयोग नाई. पत्र्याचा खर्च त्याच्यातून काढला म्हनतेत. नकाशावर लाल रेघ मारली हो. पोरी बसतीन कुठी?"

अभियंता साहेबांचं पत्र दुसऱ्या दिवशी मलाही आलं. 'आपल्या अहवालातील परिशिष्टास अनुसरून' असं त्यात आदराने लिहिलं होतं. माझ्या सबंध अहवालातला हाच भाग कोणीतरी मनापासून वाचला होता. पुढच्या आठवड्यात जोत्याची आखणी होणार होती. जोतं एकदा आखलं की व्हरांडा गेला तो गेला.

मी पत्र घेऊन भाऊंकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं, जे ते कधी करत नसत.

"वरांडा काढला तवा तक्रार कोनाची आली?"

"कोणाचीच नाही. म्हणून तर..."

"कोनाले इचारलं?"

"आकड्यांना."

"आकडा वरांड्यात बसते का?" एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "अबे, मी दूध काढलं तं बाईले पाजून पाह्यलं. बटन काढलं तं तिच्यापुढं उभा रायलो. ज्याचं काढलं त्याच्यापुढं उभं राव लागते! तू वरच्या खोलीत काढलं अन् वरच्या खोलीतच इचारलं."

आतून बाई म्हणाल्या, "त्याले ओरडू नका. तुमचाच चेला हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही गडचिरोलीची एसटी धरली. मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल. भाऊ खिडकीच्या गजाला हात लावून बसले होते. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "गज काढले ते बराबर होतं." एवढंच सांत्वन मला त्या प्रवासात मिळालं.

बांधकामाचं कार्यालय जुन्या बैठ्या इमारतीत होतं. पुढे व्हरांडा, त्यात तीन बाकडी, एक माठ, आणि वाट पाहणारी माणसं. एक ठेकेदार फाइल मांडीवर ठेवून पेंगत होता. दोन सरपंच होते. एक म्हातारी लाल मिरचीची पिशवी घेऊन भिंतीला टेकली होती. आणखी सात-आठ जण होते. साहेब मोकळे होते, आम्हाला लगेच आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा सांगितला आणि माझ्या परिशिष्टाचं कौतुक केलं.

"असा मोकळेपणाने लिहिलेला अहवाल क्वचित येतो," तो म्हणाला. "नाहीतर सल्लागार सगळंच आवश्यक म्हणतात."

मी समजावायला सुरुवात केली. सरासरी आणि वापर यातला फरक, हिशोबाची गती आणि हिशोबाचा हेतू. मी पुण्याच्या सुरात बोलत होतो आणि साहेबही त्याच सुरात मान हलवत होते. मान हलवणं थांबलं की काही होणार नाही, हे मला दिसत होतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की शेजारच्या खुर्चीत भाऊ नाहीत.

बाहेरून त्यांचा आवाज आला. "उठा हो भाऊ. बाई, तुमी बी चला. वरांडा नाई समजा आता. चला आत."

सकाळपासून बसलेल्या लोकांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आधी सरपंच आले. मग ठेकेदार, अर्धवट झोपेत. मग बाकीचे. म्हातारी आली आणि पंख्याखालची जागा पाहून तिने मिरचीची पिशवी साहेबांच्या टेबलावर ठेवली. पंख्याने आपलं काम केलं. पहिली शिंक साहेबांना आली.

"हे काय चाललंय?"

भाऊ दारात उभे होते. "वरांडा काढून पाहून राह्यलो, साहेब. नगण्य हाये म्हनतेत."

"कोण म्हणतं?"

"हा," भाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

तेरा माणसं माझ्याकडे पाहू लागली. एक सरपंच म्हणाला, "असन बाप्पा, शिकलेला दिसते."

"अहो, यांना बाहेर न्या!" साहेब रुमालात म्हणाले.

"कुठी नेऊ? बाहेर तं ऊन हाये."

साहेब काहीतरी बोलणार होते. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. रिकामी बाकडी, माठ, त्यापलीकडे पांढरं ऊन. मग खोलीतल्या गर्दीकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "मायं काम तेवढं करून घ्या, मंग जातो मी." आणि कार्यालयात मी पहिल्यांदाच असं पाहिलं की एका साहेबाने आधी म्हातारीचा कागद घेतला, सही केली, आणि मग आपलं बोलणं सुरू केलं.

"तक्रार आली," भाऊ हळूच मला म्हणाले. "लिहून घे."

साहेबांची अट वाजवी होती. तुमच्या अहवालावरून काढलाय, तर तुमचं चुकलं असं तुम्ही लेखी द्या, लाल रेघ मी खोडतो. मी तिथेच बसून दीड पान लिहिलं. भाऊंनी ते घेतलं, पेन्सिल काढली आणि खिडकीपाशी नेलं. परत आलं तेव्हा त्यावर तीन वाक्यं होती. 'व्हरांडा हिशोबात धरला नव्हता. कारण मला घाई होती. व्हरांडा ठेवावा.'

"मधलं काढू या," मी म्हणालो. "त्याने फरक पडत नाही."

"तुयी तक्रार आली ना? मंग ते ठेव."

मी सही केली. आजवरच्या माझ्या सगळ्या अहवालांत हाच एक असा आहे की जो जसाच्या तसा अमलात आला.

भाऊ आता नाहीत. गेल्या वर्षी थंडीत गेले, फारसं आजारी न पडता. मी भेटायला गेलो तेव्हा बाईंनी चहा ठेवला. आलं ठेचलं, विलायची टाकली, साखर दोनदा टाकली. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "इतकी वर्सं हा मानूस काढत आला अन् मी ओरडत आली. आता सगळं टाकतो मी. कोनी काई म्हनत नाई." चहा फार चांगला झाला होता. त्यांनी स्वतःचा कप अर्धा ठेवला. खुंटीवर भाऊंचा शर्ट होता. त्याला पाच बटणं होती. डबीतली दोन बाईंनी परत शिवली होती.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. वसतिगृह पुरं झालं, त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मी एकटाच पाहायला गेलो. भाऊंचे गुडघे एसटीला तयार नव्हते. अधीक्षिकाबाई दारातच म्हणाल्या, "यंदा पोरीयनं फरशीवर पानी नाई टाकलं, सर." 'सर' परत आलं होतं. मी तापमापक काढला, वही काढली, आणि तज्ज्ञाच्या चालीने खोल्या पाहायला निघालो.

खोल्यांत कोणी नव्हतं. भर दुपारी अठ्ठावीस खोल्यांत पत्र्याच्या पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि दोऱ्यांवर कपडे वाळत होते. मुली सगळ्या व्हरांड्यात होत्या. तिथे पुस्तकं होती, वेण्या घालणं चाललं होतं, कोणी शेंगा सोलत होतं, कोणी भिंतीला पाठ लावून पाठांतर करता करता झोपी गेलं होतं. मी एका मुलीला विचारलं, "खोलीत का नाही बसत?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "खोलीत पेट्या रायतेत. रातच्यानं निजाले जातो फक्त."

माझ्या नकलेत दुपारी दोनला प्रत्येक खोलीत बारा मुली बसलेल्या होत्या. त्यांचं अंग तापत होतं, त्या श्वास घेत होत्या, आणि त्या सगळ्याचा मी पाव तासाला हिशोब ठेवला होता. मी तिथूनच भाऊंना फोन लावला.

सगळं ऐकून ते म्हणाले, "पेट्यायले गरम होते का?"

"नाही."

"मंग आता कितीक वेळ लागते तुया मॉडेलले?"

"चार मिनिटं."

"अजून कमी होते. खोल्या काढून पाह्य."

घरी आल्यावर मी खरंच काढल्या. सहाच्या सहा खोल्या पुसून टाकल्या आणि व्हरांडा तेवढा परत ठेवला. पडद्यावर एक लांब, उघडी, उत्तरेकडची सावली उरली. चालवायचं बटण दाबलं. एका सेकंदात लाल अक्षरं आली: हिशोबासाठी किमान एक खोली आवश्यक आहे.

मी खाली गेलो. भाऊ अंगणात कात्रीने पेपर कमी करत बसले होते.

"तक्रार आली," मी म्हणालो.

"कोनाची?"

"संगणकाची."

त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "त्याची धरू नोको," ते म्हणाले.